रेझरच्या खोक्यावर गॅप आणि एक्स्पोजरचे आकडे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्लॅस्टिकची कार्ट्रिज (बदलायची बहुपाती डोकी) सोडून जुन्या पद्धतीच्या धातूच्या सेफ्टी रेझरकडे वळणाऱ्या तरुणांविषयीचा लेख वाचला. मूळ मुद्दा मनापासून पटला. कार्ट्रिजमध्ये प्लॅस्टिक, रबर आणि पोलाद असे एकत्र चिकटवलेले असते की भंगारवालाही त्याला हात लावत नाही. दुधारी पाते मात्र निव्वळ पोलाद, आणि एका कार्ट्रिजच्या पैशांत पात्यांची पाकिटे येतात. पण रेझर कोणता घ्यावा हे सांगताना लेखात 'वजनदार घ्या आणि पाते मिळेल तितके धारदार घ्या' एवढाच सल्ला दिला आहे. त्यावर विसंबून रेझर आणणाऱ्या अनेकांच्या मानेवर लाल चट्टे उठतील, एखाद्याची हनुवटी कापेल, आणि 'हे जुने प्रकरण आपल्याला झेपणारे नाही' म्हणून तो रेझर कपाटात जाईल. तसे होऊ नये या तळमळीने लिहितो आहे. पत्र लांबले आहे, पण विषय रोज सकाळी लाखो घरांतल्या आरशासमोरचा आहे आणि त्यावर मराठीत कुणी सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

माझी सारी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत झाली. आधी टूलरूममध्ये, नंतर तपासणी विभागात. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या फरकावरून माल पास करायचा की परत पाठवायचा हे ठरवण्यात आयुष्य गेल्यामुळे रोज वापरण्याच्या वस्तूकडेही मी त्याच नजरेने पाहतो. त्या नजरेला दिसते ते असे: दाढी सुखाची होते की त्रासाची, हे रेझरच्या वजनावर, किमतीवर किंवा चकाकीवर फारसे ठरत नाही. त्याच्या डोक्यात पाते कसे आणि कुठे धरले आहे यावर ते ठरते. त्याची मुख्य मापे दोन. कारखान्यात आम्ही ती गॅप आणि एक्स्पोजर अशीच म्हणू, म्हणून इथेही तेच शब्द वापरतो.

रेझर सोडवला की तीन भाग हातात येतात: वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. टोपी आणि पट्टीच्या मध्ये पाते किंचित वाकून बसते. खालच्या पट्टीच्या कडेला आडवी दांडी असते, काही रेझरमध्ये तिच्या जागी फणीसारखे दाते असतात. हा झाला गार्ड. पात्याची धार आणि हा गार्ड यांच्यामध्ये जी फट राहते ती गॅप. आता टोपीची कड आणि गार्ड या दोघांना टेकणारी एक सरळ रेषा मनात ओढा. पात्याची धार त्या रेषेच्या बाहेर डोकावत असेल तर एक्स्पोजर अधिक, नेमकी रेषेवर असेल तर शून्य, आणि रेषेच्या आत दबलेली असेल तर उणे. सुताराचा रंधा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. रंध्याच्या तळातून पाते किती बाहेर काढले आहे हे त्याचे एक्स्पोजर, आणि पात्यापुढचे तोंड किती उघडे आहे ही गॅप. चांगला सुतार लाकूड बदलले की ही दोन्ही मापे बदलतो. आपण मात्र सगळ्यांच्या कातडीवर दुकानदार देईल तोच रेझर फिरवतो.

ही मापे किती बारीक असतात ते सांगतो. बाजारातल्या मवाळ रेझरची गॅप साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, मधल्या गटातल्यांची ०.६ ते ०.८, आणि ०.९ च्या पुढे गेलेले रेझर जहाल समजले जातात. एक्स्पोजरचा सगळा खेळ शून्याच्या अलीकडे-पलीकडे एक-दोन दशांशांत संपतो. एवढ्याने काय फरक पडतो, असे कुणालाही वाटेल. म्हणून शेजारी दुसरे आकडे ठेवून पाहू. दाढीचा केस साधारण ०.१ मि.मी. जाड असतो आणि दिवसाला ०.३ ते ०.४ मि.मी. वाढतो. दुधारी पाते स्वतः ०.१ मि.मी. जाड असते. आणि कातडीचा अगदी वरचा, आपले रक्षण करणारा मृत पेशींचा थर असतो ०.०१ ते ०.०२ मि.मी. म्हणजे एक्स्पोजरमधला एक दशांशाचा फरक त्या थराच्या जाडीच्या पाच-दहा पट आहे. दाढीनंतर तोंडाची आग होते तेव्हा बहुतेक वेळा याच थराचा काही भाग केसांबरोबर खरवडून निघालेला असतो. तुरटी फिरवली की जिथे जिथे चरचरते, तिथे तिथे ती जागा आपल्याला सापडते.

गॅपचे काम कसे चालते? रेझर ओढताना गार्ड पुढे असतो. तो कातडी दाबत जातो आणि त्याच्यामागे, पात्याच्या आधी, कातडी किंचित फुगून वर येते. फट मोठी असेल तर फुगवटाही मोठा, आणि धार त्या फुगवट्यात शिरते. फट फार लहान असेल तर दोन-चार दिवसांचे खुंट आणि साबणाचा फेस आत मावत नाहीत. रेझर केसांवरून घसरत जातो आणि माणूस त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत बसतो. रोज दाढी करणाऱ्याला लहान गॅप पुरते आणि मानवते. आठवड्यातून एकदाच करणाऱ्याला मोठी लागते. यात चांगले-वाईट काही नाही, ज्याची त्याची दाढी आहे.

एक्स्पोजरचे काम वेगळे. गॅप सारखीच असलेले दोन रेझर हातात घेतले, एकाचे एक्स्पोजर शून्य आणि दुसऱ्याचे अधिक असले, तर दाढी अगदी वेगळी होते. शून्यवाल्यात टोपी, धार आणि गार्ड तिन्ही एकाच वेळी कातडीला टेकतात, पाते जागच्या जागी राहते. अधिकवाल्यात हात किंचित वर-खाली झाला तरी धार लागतेच. म्हणून तो झपाट्याने आणि जवळून काढतो, पण त्यावर जराही जोर दिलेला चालत नाही. उणे एक्स्पोजरचा रेझर नवशिक्याला सुरक्षित म्हणून दिला जातो, आणि इथेच खरी गफलत आहे. धार आत दबलेली असल्याने केस नीट निघत नाहीत, मग माणूस दाबतो. दाबले की कातडी फटीतून आणखी वर येते, आणि मोजमापावर उणे असलेले एक्स्पोजर गालावर अधिक होऊन बसते. वर एकाच जागी चार-चार हात. अशी 'सुरक्षित' दाढी करून मान लालबुंद झालेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना कुणीतरी सांगितलेले असते की तुमची कातडीच नाजूक आहे. प्रत्यक्षात त्यांच्या दाढीला त्यांचा रेझर कमी पडत असतो.

याच कारणाने गाल बिनतक्रार होतो आणि हनुवटी, जबड्याची कड, गळ्याची घाटी इथे गडबड होते. गाल सपाट आहे. गोलाईवर कातडी आपोआपच गार्ड आणि टोपी यांच्या मधल्या जागेत घुसते, म्हणजे तिथे रेझर मोजलेल्या मापापेक्षा जहाल होतो. मानेवर तर केस एका दिशेचे नसतातच.

हे सगळे मी नुसते तर्काने लिहीत नाही. माझा नातू कॉलेजात आहे. त्याचे केस कुरळे आणि राठ, त्यामुळे पाच पात्यांच्या कार्ट्रिजने दाढी केली की मानेवर केसतोड उठायची. पहिले पाते केस ओढून वर काढते, मागचे त्याला कातडीच्या पातळीखाली कापते. कुरळा केस मग वळून आतच वाढतो आणि पुटकुळी होते. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एकपाती रेझर वापरायला सांगितले, ते योग्यच होते. त्याने ऑनलाइन एक रेझर मागवला. चकचकीत क्रोम, हातात भरणारे वजन, खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'प्रीमियम' आणि 'क्लोज शेव्ह'. पहिल्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आजोबा, हा एका बाजूने लागतो. दुसऱ्या बाजूने काही होत नाही."

मुलाचे निरीक्षण मला फार आवडले. बहुतेकांनी पात्याला दोष दिला असता. पाते एकच, त्याच्या दोन्ही धारा एकाच यंत्रातून निघालेल्या. मग एकच बाजू लागते म्हणजे दोष धरण्यात आहे. तो रेझर आणि माझा जुना, सेव्हन ओ क्लॉक पात्यांच्या जमान्यापासून वापरात असलेला रेझर घेऊन आम्ही भोसरीत माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या टूलरूममध्ये गेलो. तिथे प्रोफाइल प्रोजेक्टर आहे. हे यंत्र वस्तूवर एका बाजूने प्रकाश टाकते आणि तिची सावली काचेच्या पडद्यावर मोठी करून दाखवते. वीस पटीचे भिंग लावले की ०.१ मि.मी. पडद्यावर २ मि.मी. दिसते.

आधी माझा रेझर व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात, आडवा धरला. पडद्यावर टोपीची काळी गोलाई, खाली गार्डचा गोल ठिपका, आणि त्यांच्यामधून आलेली पात्याची बारीक रेघ. पट्टी लावली, टोपी आणि गार्ड यांना टेकणारी रेषा घेतली. धार रेषेच्या केसभर आत. गॅप ०.५५. रेझर फिरवून दुसरी बाजू पाहिली, तीही तशीच. मग नातवाचा ठेवला. एका बाजूला गॅप ०.७ आणि धार जवळजवळ रेषेवर. फिरवल्यावर दुसऱ्या बाजूला गॅप ०.९५, आणि धार रेषेच्या बाहेर पडद्यावर चांगली चारेक मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात ०.२ च्या आसपास. शिवाय त्या बाजूची धारेची सावली टोकाला जाड दिसत होती. पाते एका अंगाला पुढे, एका अंगाला मागे, असे तिरके बसले की सावली अशी जाड होते. नातू पडद्याकडे पाहतच राहिला. जे त्याच्या गालाने सांगितले होते तेच समोर दिसत होते.

कारण शोधायला वेळ लागला नाही. बहुतेक स्वस्त-मध्यम रेझरची डोकी जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात दाबून ओतलेली असतात. ओतकाम नीट झाले आणि वरचा क्रोमचा थर सारखा बसला तर ती उत्तम असतात. अशी कित्येक डोकी वर्षानुवर्षे चांगली चालतात. या रेझरमध्ये खालच्या पट्टीची एक कड दुसरीपेक्षा खाली होती आणि टोपीच्या खुंट्या पात्याच्या भोकांत ढिल्या बसत होत्या, त्यामुळे पाते हवे तसे सरकत होते. आमच्या कारखान्यात असा भाग पहिल्या टेबलावरच बाजूला पडला असता. नातवाने विक्रेत्याला मापांसह कळवले. उत्तर आले, "हे मॉडेल ॲग्रेसिव्ह आहे, सवय झाली की जमेल." एका बाजूची सवय आणि दुसऱ्या बाजूची सवय वेगळी करायची का, हे त्यांनी सांगितले नाही. मी कंपनीचे नाव घेत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीपुरती नाही.

तक्रार त्या 'ॲग्रेसिव्ह' या शब्दाबद्दल आहे. 'माइल्ड', 'मीडियम', 'ॲग्रेसिव्ह' या शब्दांना मापच नाही. एका कारखान्याचा मवाळ दुसऱ्याच्या जहालापेक्षा तिखट असू शकतो. आणि यात गॅप व एक्स्पोजर एकमेकांत कालवले जातात, जणू ती एकच गोष्ट आहे. ०.८ गॅप आणि शून्य एक्स्पोजर असलेला रेझर अगदी सौम्य लागू शकतो, ०.५ गॅप आणि अधिक एक्स्पोजरचा रेझर हलक्या हाताला सुरेख दाढी देतो आणि जड हाताला रक्त काढतो. शब्दाने यातले काहीही कळत नाही. दोन आकड्यांनी कळते.

ही मापे कारखानदारांना नवी नाहीत. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली मिळालेल्या पेटंटमध्येच लवचीक पाते वाकवून धार आणि गार्ड यांचे अंतर बदलण्याची सोय होती. दांडा थोडा सैल केला की धार मोकळी, आवळला की बंद. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जिलेट कंपनीने दांड्याच्या वरच्या टोकाला चकती असलेले, १ ते ९ आकड्यांचे रेझर बाजारात आणले. आकडा वाढवला की गार्ड धारेपासून दूर जातो. आजही रॉकवेलसारखी कॅनडातली कंपनी एका रेझरबरोबर दोन्ही बाजूंनी वापरता येणाऱ्या तीन पट्ट्या देते, म्हणजे सहा गॅप, सुमारे ०.२ पासून सुमारे ०.८ मि.मी.पर्यंत. माणूस आपल्या दाढीला मानवेल ती पट्टी लावतो. म्हणजे मोजता येते, सांगता येते, गिऱ्हाइकाला समजतेही.

दशांशाचा फरक गालाला कळतो का, अशी शंका कुणी घेतली तर एक जुनी युक्ती सांगतो. जुन्या पात्याच्या दोन्ही धारा मोडून काढायच्या आणि उरलेली पट्टी नव्या पात्याखाली घालायची. पाते ०.१ मि.मी. उचलले जाते, फट तेवढीच वाढते. ज्याने हे केले आहे त्याला पहिल्या हातातच फरक कळतो, केस कापल्याचा आवाजसुद्धा बदलतो. अर्थात ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याने हे करू नये.

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्यांशी या विषयावर बोलणे झाले. ते वापरतात तो वस्तरा म्हणजे दुधारी पाते मधून मोडून त्याचा अर्धा तुकडा घालायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा तुकडा. त्याला गार्ड नाही, गॅप नाही, सगळे एक्स्पोजर त्यांच्या मनगटात. तरी मानेवर एक ओरखडा येत नाही. मी विचारले, कसे जमते? ते म्हणाले, "काका, डावा हात बघा. कातडी ढिली सोडली की वस्तरा खातो." खरोखर, त्यांच्या डाव्या हाताचे बोट आणि अंगठा सतत कातडी ताणत असतात. ताणलेली कातडी फुगत नाही, आणि फुगली नाही की पात्याला खाण्यासारखे काही उरत नाही. लहान फटीचे जे काम आहे ते त्यांचा अंगठा करतो. घरी रेझर वापरणाऱ्यानेही हे उचलावे. मोठ्या गॅपचा रेझर हातात आला असेल तर ताणलेल्या कातडीवर तो निम्मा मवाळ होतो.

लेख वाचून ज्यांनी रेझर आणलाच आहे त्यांच्यासाठी आणखी थोडे. पाते बसवताना टोपी उलटी हातात धरा, पाते आणि पट्टी ठेवा, आणि दांडा आवळताना पात्याची दोन्ही आखूड टोके बोटांनी जागेवर दाबून धरा. धारेला बोट लावायचे नाही. मग रेझर उजेडाकडे धरून टोपीच्या दोन्ही बाजूंना पात्याची पट्टी सारखी दिसते का ते पाहा. एका बाजूला जास्त दिसत असेल तर सैल करून पुन्हा बसवा. पुन्हा पुन्हा तसेच होत असेल तर रेझर परत करा. गॅप मोजायची असेल तर मेकॅनिककडे टॅपेटसाठी असते तेच फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पानांचा जुडगा, चालते. ०.०५ च्या फरकाने पाने बदलत जायची, आणि जे सर्वांत जाड पान ओढाताण न होता फटीत सरकते ते आपले माप. पान बाजूने सरकवा, समोरून घुसवले तर धार मोडते. ते पाते नंतर दाढीला वापरू नका. एक्स्पोजर घरी मोजणे अवघड आहे, म्हणूनच ते खोक्यावर हवे.

तोंड कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजू द्या, ओला केस बराच मऊ होतो. दांडा गालापासून लांब धरून आधी नुसती टोपी टेकवा, मग दांडा हळूहळू खाली आणा. जिथे पाते केस पकडू लागेल तिथे थांबा, साधारण ३० अंशांवर. जोर नको. पहिले काही आठवडे उलटा हात मारू नका.

एक तिसरे मापही आहे, ते थोडक्यात. टोपी आणि पट्टी पात्याला धारेपासून किती अंतरावर घट्ट पकडतात, हे ते माप. पकड लांब असेल तर पाते राठ केसांवर थरथरते आणि गॅप, एक्स्पोजर दोन्ही बेताची असूनही दाढी खरखरीत होते. पण एकदम तिन्ही मागितली तर एकही मिळणार नाही, म्हणून माझी मागणी पहिल्या दोनांचीच.

आपल्याकडे पाकीटबंद वस्तूंविषयीचे २०११ चे वैधमापन नियम आहेत. त्यांनुसार खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सगळे छापावे लागते. नातवाच्या रेझरच्या खोक्यावर ते होतेही. दांड्याची लांबी होती, वजन होते. जी धार गळ्यावरून फिरणार तिच्याविषयी एक आकडा नव्हता. स्कूटरच्या पुस्तिकेत स्पार्क प्लगची गॅप मिलिमीटरमध्ये दिलेली असते, आणि गाडीवाला ती न चुकता पाहतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. रेझरच्या बाबतीत दर्जा म्हणजे काय, तर हीच मापे. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. ठाण्यात पात्यांचा मोठा कारखाना अनेक वर्षे चालला, पिंपरी-चिंचवडपासून कोल्हापूरपर्यंत शंभराव्या भागात काम करणारे कारागीर आहेत, आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारखी १९७५ पासून काम करणारी संस्था आहे. तिने बाजारातले दहा-पंधरा रेझर विकत घेऊन एखाद्या प्रोजेक्टरवर मोजून घेतले तर एका दिवसाचे काम आहे. भारतीय मानक ब्युरोनेही या मापांकडे लक्ष द्यावे.

काही जण म्हणतील, सामान्य गिऱ्हाइकाला हे आकडे कळणार नाहीत. चष्म्याचा नंबर आपल्याला भिंगाचे शास्त्र कळते म्हणून लिहिलेला नसतो, तरी पाठ असतो. एकदा ०.५५ ची गॅप मानवली की माणूस पुढच्या खेपेला ०.५५ च मागेल. आणि आकडा छापायचा म्हटला की कारखानदाराला तो आधी मोजावा लागेल. नातवाच्या रेझरसारखी एकीकडे ०.७ आणि एकीकडे ०.९५ अशी डोकी मग कारखान्याच्या दारातून बाहेर पडणार नाहीत. माझ्या मते या मागणीचा सर्वांत मोठा फायदा हाच.

आपल्या पुरवणीलाही एक विनंती. यापुढे रेझरविषयी लेख किंवा तुलना छापाल तेव्हा वजन आणि किमतीच्या शेजारी गॅप आणि एक्स्पोजरचे रकाने ठेवा, आणि दोन्ही बाजूंची मापे वेगवेगळी द्या. कंपन्यांनी न दिल्यास तो रकाना रिकामा छापा. मोजून हवे असतील तर मी आणि माझे सहकारी ते काम विनामूल्य करून देऊ.

आणि कंपन्यांकडून नेमके काय हवे, तेही लिहितो, म्हणजे पळवाट राहायला नको. नवे पाते बसवून, दांडा हाताने पूर्ण आवळून घेतलेली मापे. गॅप मिलिमीटरमध्ये, दशांशानंतर दोन अंक. एक्स्पोजर अधिक किंवा उणे चिन्हासह. दोन्ही बाजूंमधला फरक ०.०५ च्या आत असल्याची हमी, आणि तो त्याबाहेर असेल तर रेझर बदलून देण्याचे वचन त्याच खोक्यावर.

आपला,
टूलरूम व तपासणी विभागातून निवृत्त झालेला एक वाचक,
चिंचवड